चुकून काढलेले औषधपाण्याचे पैसे

तुमच्यापैकी अनेकांच्या लेकी-जावई, मुलं-सुना अमेरिकेत असतील. उन्हाळ्यात तुम्ही चार-सहा महिने त्यांच्याकडे राहूनही येत असाल. तिथे असताना कधी दात दुखतो, कधी पाय मुरगळतो. डॉक्टरांकडे जाणं होतं, मुलगा पाकिटातून एक कार्ड काढतो आणि बिल भागवतो. आज मी त्या कार्डाविषयी बोलणार आहे. मी बावीस वर्षं न्यू जर्सीत राहतो, आणि हे कार्ड मी स्वतः चुकीच्या जागी वापरलेलं आहे.

या कार्डामागे जे खातं असतं त्याला हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट, थोडक्यात एचएसए म्हणतात. २००३ च्या डिसेंबरात तिथे कायदा झाला आणि २००४ पासून ही खाती सुरू झाली. ज्यांच्या आरोग्य विम्यात सुरुवातीचा मोठा खर्च स्वतःच्या खिशातून करावा लागतो, त्यांना हे खातं उघडता येतं. आपल्याकडे आजारपणासाठी चार पैसे बाजूला काढून ठेवतात, तशातलाच प्रकार. फरक एवढाच, की या पैशांवर केंद्राचा आयकर लागत नाही. भरताना लागत नाही, वाढताना लागत नाही आणि औषधपाण्यासाठी काढला तर काढतानाही लागत नाही. २०२५ या वर्षासाठी एका कुटुंबाला ८,५५० डॉलरपर्यंत भरता येत होते.

सवलत मोठी, तशी अटही कडक. पैसे औषधपाण्याऐवजी दुसऱ्या कशासाठी काढले, तर ती रक्कम उत्पन्नात धरली जाते. त्यावर नेहमीचा कर लागतो आणि वर वीस टक्के जादा कर. २०१० पर्यंत हा जादा कर दहा टक्के होता, २०११ पासून तो वीस झाला. वयाची पासष्टी उलटली की हे वीस टक्के लागत नाहीत.

आणि कार्ड तर अगदी निर्बुद्ध असतं. औषधाच्या दुकानात चालतं, दवाखान्यात चालतं. कोणाचा दात दुखतोय, हे ते विचारत नाही. ते विचारलं जातं पुढच्या वर्षी, रिटर्न भरताना.

माझ्या बाबतीत २०२४ साली दोन गोष्टी घडल्या. सप्टेंबरात मुलगी सायकलवरून पडली आणि तिचं मनगट मोडलं. इस्पितळाचं ६४० डॉलरचं बिल मी या कार्डाने भरलं. पुढे विमा कंपनीने तो क्लेम पुन्हा तपासला आणि पैसे आपण देणं लागतो असं कबूल केलं. डिसेंबरात इस्पितळाकडून ६४० डॉलरचा चेक आला. तो मी सवयीने घरखर्चाच्या खात्यात भरला आणि विसरून गेलो.

दुसरी गोष्ट त्याआधीची, जून महिन्यातली. साताऱ्याहून आई आली होती. एका रात्री तिची दाढ ठणकायला लागली. सकाळी दंतवैद्याकडे नेलं. बिल झालं १,८५० डॉलर. प्रवासासाठी काढलेल्या तिच्या विम्यात दात बसत नव्हते. काउंटरवर मी तेच कार्ड पुढे केलं. गाडीत बसल्यावर आईने विचारलं, "किती झाले रे?" मी म्हटलं, "काही नाही गं, विम्यात बसलं." हे खोटं होतं, हे आधी सांगून टाकतो.

फेब्रुवारी २०२५ मध्ये खातं सांभाळणाऱ्या संस्थेकडून १०९९-एसए नावाचा कागद आला. वर्षभरात खात्यातून किती पैसे काढले, त्याचा आकडा त्यावर असतो. कशासाठी काढले, ते मात्र नसतं. ते तुम्ही ८८८९ क्रमांकाच्या फॉर्ममध्ये लिहायचं आणि सही करायची. मी कागद घेऊन आमच्या करसल्लागारांकडे गेलो. गृहस्थ वयस्क, मोजकं बोलणारे.

मनगटाची हकीकत ऐकून ते म्हणाले, "ही खरी चूक. हिला उपाय आहे." अमेरिकेच्या करखात्याने २००४ सालीच हे स्पष्ट केलेलं आहे. वस्तुस्थितीबद्दल गैरसमज झाला, त्याला रास्त कारण होतं आणि तसा भक्कम पुरावा असेल, तर पैसे खात्यात परत भरता येतात. चूक ज्या वर्षी कळली, किंवा कळायला हवी होती, त्याच्या पुढच्या १५ एप्रिलपर्यंत ते भरावे लागतात. मग त्यावर कर नाही आणि वीस टक्केही नाहीत.

मात्र इथे एक खाच आहे. हे पैसे नेहमीच्या भरण्यासारखे भरायचे नाहीत. तसे भरले तर ती नवी वर्गणी धरली जाते, आणि वर्षाची मर्यादा ओलांडली तर जादा रकमेवर दर वर्षी सहा टक्के कर लागतो. चुकून काढलेली रक्कम परत करण्याचा वेगळा फॉर्म असतो, तो मागून घ्यायचा. शिवाय असे पैसे परत घेण्याचं बंधन त्या संस्थेवर नाही. म्हणून आधी फोन करून विचारायचं. आमच्या संस्थेने घेतले. मी इस्पितळाच्या पत्राची प्रत जोडली, मार्चमध्ये ६४० डॉलर परत गेले आणि सुधारित १०९९-एसए आला.

राहिली आईची दाढ. या खात्यातून स्वतःचा, नवरा-बायकोचा आणि करासाठी अवलंबून धरलेल्या माणसांचा खर्च करता येतो. आता आई माझ्यावर अवलंबून नाही, असं कोणता मराठी मुलगा म्हणेल? पण कायद्याचं कुटुंब वेगळं असतं. अवलंबून असणारी व्यक्ती अमेरिकेची नागरिक किंवा रहिवासी, नाहीतर कॅनडा वा मेक्सिकोची रहिवासी असावी लागते. व्हिजिटर व्हिसावर चार महिन्यांसाठी आलेली माझी आई त्यात बसत नव्हती.

एका मित्राने सल्ला दिला, "त्यात काय? तीही चूकच झाली म्हण, आणि पैसे परत भरून टाक." मला ते पटण्यासारखं वाटलं. खर्च औषधपाण्यात बसतो असा प्रामाणिक गैरसमज झाला असेल, तर नियमात त्यालाही जागा आहे. मी करसल्लागारांना तसं म्हणालो. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि एकच प्रश्न विचारला, "त्या दिवशी काउंटरवर तुम्हाला ठाऊक होतं का?"

ठाऊक होतं, श्रोतेहो. कचेरीत मिळालेल्या माहितीपत्रकात ते स्वच्छ लिहिलेलं होतं आणि मी ते वाचलं होतं. कार्ड देताना हात क्षणभर थबकलाही होता. पण मागे रांग होती, आई गालाला हात लावून उभी होती, बँकेत त्या आठवड्यात पैसे कमी होते. ही अडचण होती, गैरसमज नव्हता. मी "हो" म्हणालो.

ते रागावले नाहीत. म्हणाले, "मग तो फॉर्म यासाठी नाही. पण घरी जुन्या पावत्या आहेत का बघा." खातं उघडल्यानंतर झालेला, आणि कुठूनही भरून न घेतलेला आपला औषधपाण्याचा खर्च असेल, तर त्यापोटी नंतरच्या वर्षीही पैसे काढता येतात, त्याला मुदत नाही. २०२३ च्या डिसेंबरात मी पुण्यात रूट कॅनाल करून कॅप बसवली होती. परदेशात केलेले उपचारही चालतात. पावती ४२,००० रुपयांची, त्या वेळच्या दराने साधारण ५०५ डॉलर. बायकोच्या २०२२ मधल्या चष्म्याची २९५ डॉलरची पावती मिळाली. हे ८०० डॉलर १,८५० मधून वजा झाले. उरलेल्या १,०५० डॉलरवर माझ्या उत्पन्नाप्रमाणे बावीस टक्के, म्हणजे २३१, आणि वर वीस टक्के, म्हणजे २१०. एकूण ४४१ डॉलर भरले.

रिटर्न भरल्यावर आईला फोन करून सगळं सांगितलं. ती गप्प झाली. मग म्हणाली, "माझ्या दाढेपायी दंड भरलास?" मी म्हटलं, "दाढेपायी नाही गं, घाईपायी." "मला तेव्हाच खरं सांगायचंस ना," ती म्हणाली. तेवढं एक मात्र मला कोणत्याही फॉर्ममध्ये दुरुस्त करता आलं नाही.

तेव्हा जाता जाता थोडं सांगतो. तिकडे असणाऱ्या मुलांनी आईवडिलांच्या आजारपणासाठी या कार्डाला हात लावू नये. तो खर्च साध्या खात्यातून करावा. औषधपाण्याची प्रत्येक पावती जपावी, भारतातलीसुद्धा. इस्पितळाकडून पैसे परत आले, तर ते कोणत्या खात्यातून गेले होते हे आधी पाहावं आणि १५ एप्रिलची वाट न बघता परत भरावेत. राज्याचा हिशेबही वेगळा विचारून घ्यावा, कारण कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सी ही राज्यं या खात्याची सवलत मानत नाहीत.

आणि जाणाऱ्या आईवडिलांनो, विमानात बसण्यापूर्वी दात तेवढे इथेच दाखवून घ्या. मुलगा "विम्यात बसलं" म्हणाला, तर एकदा पावती मागून बघा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)