दगडात कोरलेली अक्षयनीवी
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



मी इतिहासाचा अभ्यासक नव्हे. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि गेली चार दशके कापडाच्या गादीवर बसलो. तरीही प्राचीन शिल्पस्थापत्यावर बोलण्याचे मी स्वीकारले, याचे कारण नाशिकच्या पांडवलेण्यांतील एक लेख. त्या लेखात कापड आहे, व्याज आहे आणि धर्मादायही आहे.

नाशिक शहराच्या दक्षिणेस त्रिरश्मी डोंगरात बौद्ध भिक्षूंसाठी खोदलेली २४ लेणी आहेत. त्यांतील दहावे लेणे हा एक विहार होय. क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने तो इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमारास दान दिला. ओवरीचे खांब पाहावेत. तळाशी घडे, माथ्यावर पाठीला पाठ लावून बसलेल्या प्राण्यांच्या जोड्या. वरच्या बाजूस वेदिकेची, म्हणजे कठड्याची नक्षी आहे. हा कठडा मुळात लाकडी बांधकामातला. पाथरवटाने तो कातळात उतरविला. आतील मंडपाच्या तीन बाजूंना भिक्षूंच्या १६ खोल्या आहेत.

परंतु माझे पाऊल थबकले ते ओवरीतील एका खोलीच्या दारावरील लेखापाशी. वर्ष ४२, वैशाख महिना. उषवदाताने लेणे तर दिलेच, शिवाय ३००० कार्षापणांची ‘अक्षयनीवी’, म्हणजे कधीही न मोडावयाची ठेव दिली. ही रक्कम गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली : एकीकडे २००० कार्षापण, दरमहा शेकडा एक व्याजाने, दुसरीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागावयाचे नाही, केवळ व्याज उपभोगावयाचे, असे स्पष्ट कोरले आहे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून या लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंस प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी द्यावयाचे.

सवयीने मी तेथेच हिशेब मांडला. २००० वर दरमहा शेकडा एक, म्हणजे महिन्यास २० आणि वर्षास २४०. वीस भिक्षूंस प्रत्येकी १२, म्हणजे २४०. जमा आणि खर्च पैशाचाही फरक न राहता जुळले! दुसऱ्या ठेवीचे वर्षास ९० होतात. ते ‘कुशाणमूल’ नावाच्या वेगळ्या खर्चासाठी राखले आहेत. एवढे करून दाता थांबला नाही. हे दान निगमसभेत सर्वांस ऐकविले आणि रीतसर फलकावर नोंदविले, असेही लेख सांगतो. आज आपण ज्याला न्यासपत्र, ठराव आणि नोंदणी म्हणतो, त्या तिन्ही गोष्टी येथे एका भिंतीवर आहेत.

ही ठेव राजकोषात न ठेवता विणकरांकडे का ठेवली असावी? व्यापारी म्हणून मला वाटते, विणकरास सुतासाठी भांडवल मिळाले आणि भिक्षूस वस्त्र मिळाले. एकाच पैशाने दोन घरांत दिवा लागला.

दान केवळ राजघराण्यातूनच येत असे असे नव्हे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील लेखांत वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे, तसाच धेनुकाकट येथील सिंहदत्त नावाचा गंधी आणि सामी नावाचा सुतारही आहे. आपल्या परंपरेतही हेच दिसते. मथुरेच्या कंकाली टीला येथे १८८८ ते १८९१ या काळात झालेल्या उत्खननात जैन स्तूपाचे अवशेष, आयागपट आणि अनेक जिनप्रतिमा मिळाल्या. तेथील सरस्वतीची प्रसिद्ध मूर्ती एका लोहाराने दिली, असे तिच्यावरील लेखावरून कळते. स्तूप बौद्धांचा असो वा जैनांचा, त्याच्या पायाशी कारागीर आणि वाणी उभे आहेत.

आता मनातील एक सल सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका संस्थेच्या कार्यकारिणीत असताना, दर्शनी कमानीसाठी कायम निधीतून रक्कम उचलण्याचा ठराव आला. मी वाणिज्याचा पदवीधर. तरीही हात वर केला. कमान देखणी झाली, देणगीदारांची नावे संगमरवरावर आली. पुढील जून महिन्यात मात्र गरजू मुलांच्या गणवेशासाठी व्याज अपुरे पडले आणि निम्मी मुले यादीतून वगळावी लागली. ती यादी माझ्याच हस्ताक्षरात होती. पांडवलेण्यातील तो लेख वाचताना मला ती आठवली.

उषवदाताने शिल्पही घडविले आणि वस्त्राचीही तरतूद केली; एकासाठी दुसरे मोडले नाही. आपल्या संस्थेने पन्नास वर्षे पूर्ण केली आहेत. नवे बांधकाम अवश्य व्हावे, सुंदर व्हावे; परंतु त्यासाठी वेगळी देणगी गोळा करावी. मुद्दलास हात लावण्याचा ठराव कधी आलाच, तर हात वर करण्यापूर्वी प्रत्येक विश्वस्ताने एकदा पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढून याव्यात, एवढीच नम्र विनंती.

बोलण्यात काही अधिक-उणे झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!