रणांगणाहून घराकडे



शिपाई लढाईहून परतला की आपण त्याला ओवाळतो, हार घालतो आणि आपले कर्तव्य संपले असे समजतो. परंतु माणूस घरी आला तरी त्याचे मन पुष्कळदा मागेच राहिलेले असते. फटाका वाजला की तो दचकतो, गर्दीत शिरत नाही, रात्र रात्र जागतो. ज्या सावधपणाने रणांगणावर त्याचा जीव वाचविला, तोच घरात त्याचा वैरी होतो. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांनी या व्याधीला १९८० साली आपल्या अधिकृत सूचीत स्थान दिले.

त्याच देशात, इराक व अफगाणिस्तान येथून जायबंदी होऊन आलेल्या सैनिकांसाठी वॉशिंग्टनजवळच्या फोर्ट मायर येथील लष्करी तबेल्यात २००६ साली एक उपक्रम सुरू झाला. तेथील घोडे आर्लिंग्टनच्या दफनभूमीत वीरांच्या शवपेट्यांचा गाडा ओढणारे. मृतांना पोचविणारी ही जनावरे आता जिवंतांना पाठीवर घेऊ लागली!

घोड्यातच असे काय आहे? घोडा हा मूळचा शिकार होणारा प्राणी. चाहूल लागताच कान टवकारणारा, धोका दिसताच पळणारा. म्हणजे त्याची वृत्ती या शिपायासारखीच. धरणाऱ्याचा श्वास चढला, मूठ आवळली, की तो बिथरतो. त्याला शौर्यपदक कळत नाही आणि तो कोणाची कीवही करीत नाही. त्याला चालवायचे तर आधी आपण शांत व्हावे लागते. डॉक्टरांनी दहादा समजावलेली ही गोष्ट हातातल्या लगामातून एकदम उमगते.

कोलंबिया विद्यापीठाच्या तज्ज्ञांनी ६३ माजी सैनिकांना आठ आठवडे, दर आठवड्यास दीड तास, घोड्यांच्या सहवासात ठेवले. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : तीन महिन्यांनंतरही सुमारे निम्म्यांचा त्रास लक्षणीय उतरलेला होता. मात्र तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. म्हणून हा रामबाण उपाय आहे असे आम्ही म्हणणार नाही. घोडा वैद्याची जागा घेत नाही.

आपल्या सातारा-कोल्हापुराकडे गावोगाव निवृत्त जवान आहेत. तबेले निघतील तेव्हा निघोत. परंतु पारावर गाठून 'लढाईची गोष्ट सांगा' असा आग्रह धरण्यापूर्वी त्या मुक्या जनावराकडून आपण एवढे तरी शिकू या : काही न विचारता, कीव न करता, माणसाजवळ उभे राहावे.