आईचा व्हिसा, आईचा विमा

कोलाडहून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय. मागच्या खेपेला आपण गटाच्या कर्जाच्या हप्त्यांवर बोललो. आजचा विषय ऐकायला लांबचा वाटेल, पण तो आता आपल्या ओटीवर येऊन बसलाय.

पूर्वी परदेश म्हटलं की पुरुषांचं काम. रोहा, माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन, या पट्ट्यातली कितीतरी माणसं आखातात नोकरीला गेली, अजून जातात. आपण त्यांना निरोप द्यायचा आणि पाठवलेल्या पैशांची वाट बघायची. आता आपल्यालाच बोलावणं येतं. लेकीचं बाळंतपण दुबईत, सुनेचं अमेरिकेत. आणि घरचा माणूस गेला की मुलगा म्हणतो, "आई, एकटी कशाला राहतेस? इकडेच ये कायमची."

आमच्या गटातल्या एक काकी अशाच गेल्या. वय चौसष्ट. लेकीचं पहिलं बाळंतपण, साठ दिवसांचा व्हिसा. तिकीट, व्हिसा, विमा सगळं एका एजंटाने केलं. विम्याचा अर्ज इंग्रजीत. त्यात एक प्रश्न असतो, पूर्वीपासून काही आजार आहे का? एजंटाने "नाही" भरलं. "हो" म्हटलं तर हप्ता वाढतो आणि काम लांबतं, म्हणून. काकी आठ वर्षं बीपीची गोळी घेतात, तीन वर्षं साखरेची. पाचव्या आठवड्यात रात्री छातीत दुखायला लागलं. चार दिवस इस्पितळात होत्या. जीव वाचला, देवाची कृपा. पण तिथल्या डॉक्टरांनी डिस्चार्जच्या कागदावर लिहिलं, आठ वर्षांपासून रक्तदाब. लिहिणारच, काकींनीच त्यांना खरं सांगितलं होतं. विमा कंपनीने तो कागद आणि तो अर्ज शेजारी शेजारी ठेवला आणि पैसे नाकारले. जावयाने कर्ज काढलं. काकींनी परत आल्यावर पाटल्या मोडल्या.

पाटल्यांचं त्यांना इतकं नाही वाटलं. आम्हाला म्हणाल्या, "अगं, मला कोणी विचारलंच नाही. आणि खाली सही माझी."

म्हणून आज आम्ही बोलायला बसलो.

व्हिसा आणि विमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी नीट समजून घेऊ. व्हिसा म्हणजे त्या देशात शिरायची आणि ठरावीक दिवस राहायची परवानगी. आजारी पडलात तर व्हिसा एक पैसा देत नाही. आपलं महात्मा फुले योजनेचं कार्ड, आयुष्मानचं कार्ड, सत्तरीपुढच्यांना २०२४ पासून मिळतं ते पाच लाखांचं कार्ड, ही सगळी देशाच्या आत चालतात. विमानात बसलात की त्यांचा उपयोग संपला. पुढे जे काही आहे ते प्रवास विमा.

काही देश विमा असल्याशिवाय व्हिसाच देत नाहीत. युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एक शेंगेन व्हिसा लागतो, त्यासाठी किमान ३०,००० युरोचा विमा सक्तीचा आहे. कॅनडात आईवडिलांसाठी सुपर व्हिसा आहे, एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पण निदान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आणि किमान एक वर्षाचा आरोग्य विमा दाखवावा लागतो. अमेरिकेच्या भेटीच्या व्हिसाला अशी सक्ती नाही. आणि इस्पितळ सगळ्यात महाग तिथेच! सक्ती नाही म्हणून मुलं म्हणतात, कशाला, दोन महिन्यांत काय होणार आहे. त्यांना सांगा, आईचं वय झालंय.

आता तो अर्ज. बीपी, साखर, थायरॉइड, दमा, जुनं ऑपरेशन, जे असेल ते सगळं लिहायचं. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन बसायचं आणि गोळ्यांची नावं त्यावरून उतरवायची. "हो" लिहिलं म्हणून विमा मिळतच नाही असं नाही. बऱ्याच पॉलिसींत जुन्या आजारावर नेहमीचा उपचार देत नाहीत, पण त्यातून जिवावर बेतलं तर एका मर्यादेपर्यंत खर्च देतात. ती मर्यादा किती, हे विचारायचं. साठीच्या पुढच्यांना एकेका उपचारावर वेगळी मर्यादा असते. पॉलिसीवर मोठा आकडा लिहिलेला असला तरी तो सगळा आपल्याला मिळेलच असं नाही. शिवाय सुरुवातीची काही रक्कम आपल्या खिशातून जाते, तीही विचारून घ्यायची. कवळी, चष्मा, नेहमीची तपासणी यात सहसा बसत नाही.

विमा इथून निघायच्या आधी काढायचा, आणि निघायच्या तारखेपासून घरी पोचायच्या तारखेपर्यंतचा. मुक्काम वाढला तर मुदत संपायच्या आत वाढवायचा. कंपनीचा मदतीचा नंबर कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा, लेकीच्या मोबाइलमध्येही ठेवा. दाखल झालात की आधी तिथे फोन करायचा. बरं होऊन घरी आल्यावर सांगू म्हटलं तर अडचण होते.

कंपनीने चुकीचं नाकारलं असं वाटलं तर आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करायची. विमा नियामकाचा १५५२५५ हा मोफत नंबर आहे. तरी दाद लागली नाही तर विमा लोकपाल आहेत, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी ऐकतात, वकील लागत नाही, फी नाही. कंपनीने नकार दिल्यापासून एका वर्षाच्या आत जायचं. काकींच्या बाबतीत मात्र आम्ही काही करू शकलो नाही. अर्जावर खोटं होतं आणि सही त्यांची होती.

पासपोर्टाची गोष्ट त्याच्याही आधीची. आपल्या बायकांचं घोडं अडतं ते नावात. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर मागे "बाई" लावलेलं, बँकेत चौथंच काहीतरी. आधी सगळीकडे एक नाव करून घ्या, मग अर्ज. आणि पासपोर्टावर नुसतं एकच नाव नको, आडनावाच्या जागी आडनाव हवंच. संयुक्त अरब अमिरातीने, म्हणजे दुबई-अबुधाबीवाल्यांनी, २०२२ पासून एकच नाव असलेल्यांना भेटीच्या व्हिसावर घेणं थांबवलं.

जन्मदाखला नाही म्हणून घाबरू नका. जन्मदाखल्याची सक्ती १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या बाळांना आहे, आपल्याला नाही. शाळा सोडल्याचा दाखला, पॅन चालतं. आणखी एक. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टावर पूर्वीपासून "इसीआर" असा शेरा येतो. तो नोकरीला जाणाऱ्यांसाठी आहे, लेकीला भेटायला जाणारीला त्याने अडत नाही. वयाची पन्नाशी ओलांडली की तर तो लागूच नाही. आमच्यातल्या एकीकडे एका एजंटाने तो काढायचे वेगळे पैसे मागितले होते. तिने दिले नाहीत, बरं केलं.

अमेरिकेचा व्हिसा असेल तर मुंबईत बीकेसीला वकिलातीत मुलाखत होते. ती मराठीत देता येते, इंग्रजीची भीती नको. साहेबाला एकच गोष्ट ताडून बघायची असते, ही बाई परत येणार का? घर आहे, भात लावायचं आहे, दुसरा मुलगा इथे आहे, जे खरं असेल ते दोन वाक्यांत सांगायचं. व्हिसा दहा वर्षांचा मिळाला म्हणजे दहा वर्षं राहता येतं, असं मात्र नाही. किती दिवस राहायचं ते तिकडच्या विमानतळावर ठरतं, बहुधा सहा महिने. त्यापुढे १८० दिवसांहून जास्त राहिलं तर परत जायला तीन वर्षं बंदी, वर्षाहून जास्त राहिलं तर दहा. दुबईत मुदत टळली की दर दिवसाला ५० दिरहम दंड.

सामानाचं सांगायलाच हवं. बाळंतिणीला डिंकाचे लाडू नेणार, हे आम्हाला ठाऊक आहे. त्यात खसखस घालू नका! अमिरात, सौदी, कतार इथे खसखस म्हणजे अफूच्या झाडाचं बी, अमली पदार्थात धरतात. पुडी तर नकोच, मसाल्यातही नको. आपल्या खोकल्याच्या आणि दुखण्याच्या काही औषधांवरही तिकडे बंदी आहे. गोळ्या मूळ पाकिटात ठेवायच्या, डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी सोबत. आणि विमानतळावर व्हीलचेअर मागायला लाजू नका, तिकीट काढतानाच सांगितलं तर फुकट मिळते. आपण आपल्या या महामार्गावरून हाडं खिळखिळी करत तिथवर पोचलेलो असतो, पुढे आणखी मैलभर कशाला चालायचं?

आता कायमचं जायचं म्हणणाऱ्यांबद्दल. आखातात मुलाने आईला आपल्या नावावर ठेवून घेतलं तर आईचं राहणं मुलाच्या नोकरीवर टांगलेलं असतं. त्याची नोकरी गेली की दोघांनाही निघावं लागतं. पंचावन्नच्या पुढच्यांना दुबईत पाच वर्षांचा निवृत्तीचा व्हिसा आहे खरा, पण त्याला दहा लाख दिरहमची ठेव किंवा मालमत्ता, नाहीतर महिन्याची तशीच मोठी मिळकत लागते. तो आपल्यासाठी नव्हे. अमेरिकेत मुलगा तिथला नागरिक असेल तर आईला ग्रीन कार्ड मिळू शकतं, पण पासष्टीनंतरची सरकारी आरोग्य योजना, मेडिकेअर, तिला सलग पाच वर्षं तिथे राहिल्याशिवाय घेता येत नाही. तोवरचा विमा कोण भरणार, हे मुलाने आणि सुनेने समोर बसून सांगावं. संकोचाने हा विषय कोणी काढत नाही, आणि मग घरात कुरबुर होते ती यावरूनच.

म्हणून आमचं मत विचाराल तर घाईने घर मोडू नका, जमीन विकू नका. आधी भेटीच्या व्हिसावर जाऊन थंडीत चार महिने राहून बघा. सातबाऱ्यावरचं नाव, बँकेचं खातं, गॅसचं पुस्तक जागच्या जागी असू द्या. धाटावच्या कारखान्यातून माणूस निवृत्त झाला असेल आणि तुम्हाला विधवा पेन्शन असेल, तर हयातीचा दाखला निघायच्या आधी देऊन जा. तो वर्षभर चालतो.

काकींची धाकटी मुलगी मस्कतला असते. तिचे दिवस भरत आलेत, काकी पुढच्या महिन्यात निघणार. या शनिवारी गटाच्या बैठकीत आम्ही त्यांचा विम्याचा अर्ज भरणार आहोत. त्या बीपीची, साखरेची चिठ्ठी आणि ते दुबईचे डिस्चार्जचे कागद घेऊन येतील, कॉलेजला जाणारी आमची एक मुलगी इंग्रजी वाचून मराठीत सांगेल. ज्यांना जायचंय त्यांनी आपापला पासपोर्ट आणि औषधांची पाकिटं घेऊन या. दुपारी तीनला, नेहमीच्या जागी.