सांडपाण्याचे तळे आणि गावातील समता

(वर्षावास व्याख्यानमालेतील भाषण)





खेड्यात घरोघरी नळ येत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. 2019 साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने माणशी रोज 55 लिटर पाण्याचे प्रमाण ठरविले. परंतु घरात आलेले पाणी बाहेरही पडते. त्यातील सुमारे 80 टक्के पाण्याचे सांडपाणी होते, असे अभियंते धरतात. म्हणजे 1000 लोकवस्तीच्या गावातून रोज 44,000 लिटर! हे पाणी उताराने वाहते आणि उताराच्या टोकाला बहुधा कोणाची वस्ती असते, हे आपणांस सांगण्याची गरज नाही.

यावर एक स्वस्त उपाय आहे. तो म्हणजे एकापुढे एक अशी उथळ तळी. पहिल्या खोल तळ्यात किंवा खड्ड्यात जड घाण तळाशी बसते व हवेविना जगणारे जंतू ती कुजवितात. दुसरे तळे सुमारे दीड मीटर खोल असते. तेथे सूर्यप्रकाशात हिरवे शेवाळ वाढते आणि प्राणवायू सोडते. त्या प्राणवायूवर जगणारे जंतू उरलेली घाण खातात. शेवटच्या उथळ तळ्यात ऊन आणि काळ मिळून रोगजंतूंचा बराच नाश करतात. यंत्र नाही, वीज नाही. कारणाविना कार्य नाही, ही भगवंतांची शिकवण येथे डोळ्यांनी पाहता येते.

पंजाबमधील सिचेवाल गावाने या तत्त्वाचा उपयोग केला. संत बलबीरसिंग सिचेवाल यांनी 2000 साली काली बेईं नदीच्या सफाईची कारसेवा सुरू केली. नुसता गाळ काढून भागणार नव्हते. गावांचे सांडपाणी नदीत येणे थांबवायला हवे होते. म्हणून सांडपाणी भूमिगत नळातून आणून खड्ड्यांत निवळवायचे, तळ्यात साठवायचे आणि मग शेतीला द्यायचे, अशी रीत बसविली. गावकऱ्यांनी स्वतः श्रमदान केले.

जागेचा हिशेब पाहा. रोजचे 44,000 लिटर पाणी 15 दिवस थांबवायचे तर 660 घनमीटर साठा हवा. दीड मीटर खोलीला 440 चौरस मीटर, म्हणजे साडेचार गुंठ्यांहूनही कमी. बांध व रस्ता धरून 10 गुंठे पुरावेत. तळाला चिकणमाती चोपून बसवावी, नाहीतर पाणी झिरपून विहिरी बिघडतील. काठावरचे गवत काढत राहावे, नाहीतर डास होतील. हे पाणी पिण्यासाठी मात्र कदापि नाही.

मित्रांनो, आता मुख्य मुद्दा. तळे चांगले म्हणून ते आपल्या वस्तीला खेटून बांधू द्यायचे का? नाही. ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा. तळे कोणाच्या घरापासून किती अंतरावर होणार? शुद्ध झालेले पाणी कोणाच्या शेताला मिळणार? आणि काही वर्षांनी तळाशी साचलेला गाळ कोण काढणार? 2013 च्या कायद्याने हाताने मैला साफ करून घेण्यास बंदी केली आहे. तळे पाळीपाळीने कोरडे करून, गाळ उन्हात वाळवून तो यंत्राने काढावा, आणि त्याचा खर्च तळे बांधतानाच अंदाजपत्रकात धरावा. तसे न केल्यास टोपली पुन्हा ठराविक जातीच्याच डोक्यावर येईल.

20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी शेण-गोमूत्राने ते तळे ‘शुद्ध’ केले. पाणी माणसाच्या स्पर्शाने बाटत नाही आणि मंत्राने शुद्ध होत नाही. ते घाणीने बिघडते आणि ऊन, हवा, जंतू व वेळ यांनी सुधारते. हे विज्ञान विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे, आणि पुढच्या ग्रामसभेत आपल्या वस्तीच्या वतीने उभे राहून बोलावे, एवढी विनंती आहे.