डबक्यात काय आहे ते आधी बघू या

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरी साहेबांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. विज्ञान शिकवणाऱ्या बाईला दहा मिनिटं म्हणजे हजेरी घेण्यातच जातात, म्हणून थेट मुद्द्यावर येते.

सोसायटीच्या मागच्या बाजूला जे डबकं आहे ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पंचवीस वर्षांपूर्वी प्लॉट पडले तेव्हापासून तो सखल तुकडा तसाच आहे. जुलैत भरतो, दिवाळीनंतर आटतो. मागच्या पावसाळ्यात आपल्या दोन लेकरांना डेंग्यू झाला, सलाईन लावावं लागलं. तेव्हापासून एकच चर्चा सुरू आहे की मुरूम टाका आणि डबकं बुजवा. आयांची काळजी मला समजते. पण माझं म्हणणं एवढंच, की डास तिथून येतात का हे पाण्यात बघून ठरवावं. त्यासाठी लागणारं सगळं सामान आपल्या घरात पडलेलं असतं.

जाळीचं सांगते. भरतकामाची जुनी रिंग घ्यायची. तिला बारीक विणीच्या नायलॉनच्या ओढणीची शंकूसारखी पिशवी शिवायची, खाली निमुळती. निमुळत्या टोकाला औषधाची छोटी बाटली सायकलच्या ट्यूबच्या रबरानं घट्ट बांधायची. रिंग पोछ्याच्या दांड्याला तारेनं आवळली की झालं. पाण्यातून दोन-चार वेळा ओढा, पाणी कापडातून निघून जातं आणि जीव बाटलीत उरतात. खिडकीच्या मच्छरदाणीची जाळी मात्र वापरू नका, तिच्या भोकांतून निम्मे प्राणी पळून जातात. डासांच्या अळ्यांसाठी दांड्याला बांधलेला पांढरा मग पुरतो. पांढराच हवा, कारण काळपट अळी त्यात लगेच दिसते. आइस्क्रीमच्या फॅमिली पॅकचा डबा, ड्रॉपर आणि एक भिंग घेतलं की आपली प्रयोगशाळा तयार.

हे ऐकून हसू नका. चार्ल्स डार्विन बीगल जहाजावर होता तेव्हा 1832 च्या जानेवारीत त्यानं झेंड्याच्या कापडाची चार फूट खोल पिशवी करून जहाजामागे ओढली होती. नंतरच्या शास्त्रज्ञांनी या कामासाठी जे रेशमी कापड वापरलं, ते मुळात गिरणीत पीठ चाळायचं कापड होतं. म्हणजे चाळणी घरातलीच!

आता आत काय सापडतं ते ऐका. आमच्या पोरांनी पावसाळ्यात दर रविवारी डबक्याच्या तीन बाजूंनी पाणी घेतलं, मोठी माणसं काठावर उभी राहून. पाणपिसू भरपूर. मागे दोन पिशव्या लटकवल्यासारखा दिसणारा सायक्लॉप्स. पाठीवर उताणा पोहणारा किडा. शेपटीला तीन धागे असलेल्या अळ्या. आणि चतुराची पिल्लं! चतुर म्हणजे हेलिकॉप्टरसारखा उडतो तो. त्याचं पिल्लू पाण्यात वाढतं, खालचा ओठ हातासारखा पुढे फेकतं आणि डासाची अळी पकडून खातं. डब्यात ते बघताना पोरांनी जेवायला जायचं नाव काढलं नाही. मोकळ्या पाण्यात मगभर पाणी कितीदाही घेतलं तरी डासाची अळी क्वचितच दिसली, कारण खाणारे तिथं हजर होते.

पूर्वेचा कोपरा मात्र वेगळा. तिथं आपल्याच गटारीचं पाणी झिरपतं. तिथं तीन धाग्यांची अळी नाही, चतुराचं पिल्लू नाही. लाल अळ्या आणि क्युलेक्स डासाच्या अळ्या मात्र खच्चून. लाल अळीच्या अंगात आपल्यासारखं हिमोग्लोबिन असतं, म्हणून प्राणवायू कमी असला तरी ती तग धरते. पाणी कुठं बिघडलं हे ती न बोलता सांगते. तो कोपरा वाईट आहे, हे मी मान्य करते.

मग डेंग्यूचा डास? तो एडीस. त्याला डबकं आवडत नाही, त्याला आपलं घर आवडतं. पोरांनी तोच मग घेऊन घरोघरी पाहणी केली. कोणाकोणाकडे काय निघालं ते सांगत नाही, आज सणाचा दिवस आहे. पण नळाला रोज पाणी येत नाही म्हणून भरलेले ड्रम, कूलरची टाकी, कुंड्यांखालच्या ताटल्या, गच्चीवरचा जुना टायर, या सगळ्यांत वळवळत होत्या. एडीसची मादी भांड्याच्या कडेला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर अंडी चिकटवते. पाणी ओतून दिलं तरी ती अंडी कोरडी राहून कित्येक महिने टिकतात. म्हणून नुसतं रिकामं करून भागत नाही, आतून घासावं लागतं. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायचा. आणि हा डास दिवसा चावतो, संध्याकाळी दारं लावून बसून उपयोग नाही.

इथल्या ज्येष्ठांना नारू आठवत असेल. पायातून दोऱ्यासारखा जंत बाहेर यायचा. तो विहिरी-बारवांच्या पाण्यातल्या याच सायक्लॉप्समधून पोटात जायचा. आणि उपाय काय होता? पाणी कापडानं गाळून पिणं. जोडीला बारवांच्या पायऱ्या बंद करणं, पाण्यात औषध टाकणं, घरोघरी रुग्ण शोधणं, हे सगळं झालं. देशातला शेवटचा रुग्ण 1996 साली राजस्थानात सापडला आणि 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. बांगलादेशात मतलब भागात रीटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या सुती साडीच्या घड्यांतून पाणी गाळायला लावलं, तर पटकीचं प्रमाण जवळपास निम्म्यानं खाली आलं. पटकीचे जंतू या बारीक प्राण्यांना चिकटलेले असतात, म्हणून. साडीच्या पदराला कमी लेखू नका, बायांनो.

आणि आपल्या स्टेशनवरून जी लाईन पुढे सिकंदराबादला जाते ना, तिथंच 20 ऑगस्ट 1897 रोजी रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू दिसला. तोही डास कापून, भिंगाखाली तासन्‌तास डोळे फोडून.

डबकं बुजवलं तर काय होईल? चतुर जातील, बगळे जातील. पावसाचं पाणी जमिनीत मुरतं, ते शिवनेकडे वाहून जाईल, तिथून पुढे नाथसागरात. आपल्या बोअरला काय उरेल याचा विचार करा. डास मात्र राहतील, कारण ड्रम राहतील. गप्पी मासे सोडायची सूचनाही आली आहे. हौदात, बंद टाकीत जरूर सोडा. डबक्यात सोडले तर ते चतुराची बारकी पिल्लंही खातील, म्हणून तिथं माझी ना आहे.

पुढच्या सर्वसाधारण सभेत मुरमाचा ठराव येणार आहे. त्याच्याआधी दुसरा ठराव मी लेखी दिला आहे: गटारीचं पाणी पाइप टाकून वळवावं आणि दर शनिवारी प्रत्येक घरानं टाकी-ड्रम घासावेत. दोन्हींचा खर्च खजिनदार साहेबांनी मांडून ठेवला आहे.

जाळी, मग आणि भिंग सोसायटीच्या ऑफिसात ठेवलं आहे. रविवारी सकाळी आठला आम्ही डबक्याच्या काठावर असतो. ज्यांना मुरूम टाकायचा आहे त्यांनी तर नक्की यावं. लेकरांना एकटं पाठवू नका, झाल्यावर हात साबणानं धुवा आणि पकडलेले जीव पाण्यात परत सोडा. ड्रॉपर मात्र घरून आणा, ऑफिसातला कोणीतरी नाकात औषध घालायला नेला आहे.