आपल्या शेतातले वायू कोण मोजणार?



लावणीनंतर खाचरात पाणी साचून राहिलं की चिखलातला ऑक्सिजन काही दिवसांत संपतो. मग ऑक्सिजनविना जगणारे सूक्ष्मजीव जोर धरतात आणि मिथेन तयार होतो. थोडा बुडबुड्यांतून वर येतो, पण बराचसा भाताच्या रोपातूनच, मुळापासून वर गेलेल्या पोकळ्यांतून, हवेत जातो. तो दिसत नाही, त्याला वासही नाही. शंभर वर्षांच्या हिशेबात एक किलो मिथेन सुमारे 28 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो.

असा मिथेन भारतातल्या भातशेतीतून किती निघतो? 1990 च्या सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा अंदाज होता, वर्षाला सुमारे 3 कोटी 78 लाख टन. हा आकडा आपल्या शेतात मोजलेला नव्हता. युरोप-अमेरिकेतल्या खाचरांची मोजमापं घेऊन ती आपल्या भाताखालच्या क्षेत्राला लावली होती. तेव्हा डॉ. ए. पी. मित्रा यांनी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतून देशातल्या अनेक संस्था एकत्र केल्या. 1991 मध्ये भात पिकवणाऱ्या प्रमुख प्रदेशांत प्रत्यक्ष मोजणी झाली. उत्तर आलं, सुमारे 40 लाख टन. म्हणजे परदेशी अंदाजाच्या नवव्या हिश्श्याच्या आसपास! कारणं शेतातच होती. आपला पुष्कळसा भात पावसावरचा. मधल्या उघडिपीत खाचर सुकतं, चिखलात हवा शिरते आणि मिथेन थांबतो. शिवाय आपल्या बहुतेक जमिनींत सेंद्रिय कर्ब कमी. हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत भारतीय शेतकऱ्याची बाजू या मोजणीमुळे भक्कम झाली. देशाच्या इतक्या थेट उपयोगी पडलेलं विज्ञान फार थोडं आहे, असं माझं मत आहे.

ही मोजणी होते कशी? रोपांवर पारदर्शक, बंद पेटी ठेवतात. संशोधक तिला चेंबर म्हणतात. ठरावीक मिनिटांनी पेटीतली हवा सिरिंजनं काढून कुपीत भरतात आणि प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफ या यंत्रावर तपासतात. पेटीत वायू किती वेगानं वाढला, त्यावरून जमिनीतून किती निघाला ते कळतं. साधन साधं, पण काम चिकाटीचं. लावणीपासून कापणीपर्यंत, पावसातही, ठरलेल्या वेळी बांधावर हजर राहावं लागतं. दुसरी रीत मनोऱ्याची. मनोऱ्यावरची यंत्रं वाऱ्याची वर-खाली होणारी हालचाल आणि त्यातला वायू सेकंदाला दहा-वीस वेळा टिपतात, त्यामुळे एका पेटीऐवजी आख्ख्या शेताचा किंवा जंगलाचा हिशेब मिळतो. ज्याचं गणित आणि प्रोग्रॅमिंग चांगलं आहे, त्याला इथे वर्षानुवर्षं पुरेल एवढं काम आहे.

आता युरियाकडे वळू. जमिनीत टाकलेल्या नत्राचा काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो आणि हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 273 पट प्रभावी आहे. हवामान बदलाच्या आंतरसरकारी पॅनेलनं 2006 मध्ये, स्वतःची मोजमापं नसलेल्या देशांसाठी, साधारण एक टक्का हे प्रमाण दिलं. पण त्यासोबत दिलेला पल्ला पाहा: 0.3 ते 3 टक्के. दोन टोकांत दहापट अंतर! हे अंतर कमी होईल ते ठिकठिकाणच्या मातीत मोजल्यावरच. उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या रानावर पहिला पाऊस पडतो, तेव्हा एकदम किती वायू सुटतो? उसाला पाटपाण्याबरोबर दिलेल्या युरियातून किती, आणि ठिबकमधून दिला तर किती? खोडव्यात पाचट न जाळता ठेवलं तर कर्ब वाढतो, पण नायट्रस ऑक्साइडचं काय होतं? भाताचं पाणी मधूनमधून काढलं की मिथेन घटतो, मात्र नायट्रस ऑक्साइड वाढू शकतो. मग भंडारा-गोंदियाच्या तलावांखालच्या भातात आणि कोकणातल्या उतारावरच्या खाचरांत एकूण हिशेब कुणीकडे झुकतो? यातला एकेक प्रश्न एका पीएचडीच्या प्रबंधाचा ऐवज आहे.

जमिनीवरच्या मोजणीचा वरून पडताळा घेण्याची सोयही आपल्याकडे आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनं 2009 पासून सिंहगडावर हरितगृह वायूंसाठी हवेचे नमुने घेतले. गोव्यातल्या काब द रामच्या कड्यावरून 1993 पासून घेतलेले नमुने तपासणीसाठी ऑस्ट्रेलियात जात. हवेतला वायू आणि शेतातून निघालेला वायू यांचा मेळ घालणं, हाही संशोधनाचा विषय आहे.

पुण्याच्या या संस्थेत पीएचडीसाठी संशोधन करता येतं. भातासाठी दापोलीचं कृषी विद्यापीठ, कटकची तांदूळ संशोधन संस्था आणि दिल्लीची भारतीय कृषी संशोधन संस्था आहेत. राष्ट्रीय पातळीवरची कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती 2023 पासून दरमहा 37,000 रुपये झाली आहे. पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र, मृदाशास्त्र, संख्याशास्त्र, कुठल्याही वाटेनं या विषयात येता येतं. पण मला विशेष आशा आहे ती शेतकऱ्यांच्या मुलामुलींकडून. वाफसा, म्हणजे जमिनीतला मशागतीजोगा ओलावा, कसा ओळखायचा, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. आणि या कामात नमुना कधी घ्यायचा हे ठरवताना नेमकं तेच ज्ञान लागतं.

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्यांना माझी एक विनंती आहे. पाठ्यवृत्तीचा निकाल हातात येईपर्यंत थांबू नका. आपल्या प्राध्यापकांशी आत्ताच बोला, एक शेत ठरवा आणि शेतकऱ्याची परवानगी घ्या. पहिला पाऊस पडण्याआधी पेटी रानात बसली नाही, तर त्या पावसाचं मोजमाप पुढच्या वर्षीच मिळेल.