तळ्याकाठची वाट आणि आपली मागील जागा
(रुग्णालयाच्या वार्षिक दिनी प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. जमाखर्चाच्या वह्यांत ज्याचे आयुष्य गेले, त्याने वैद्यकशास्त्रावर बोलावे हे उचित नव्हे. म्हणून आज मी केवळ एका वाटेविषयी बोलणार आहे. मात्र या वाटेचा आपल्या हिशेबाशी संबंध आहे, तो शेवटी सांगेन.

माझी कन्या नोकरीनिमित्त अमेरिकेतील मिनियापोलिस शहरी राहते. गेल्या उन्हाळ्यात आम्ही उभयता तिच्याकडे दोन महिने होतो. सौभाग्यवतींच्या हृदयावर त्यापूर्वी दोन वर्षे शस्त्रक्रिया झालेली. डॉक्टरांनी रोज चाळीस मिनिटे चालण्यास बजावले होते. पण आमच्या घरासमोरील रस्त्यावर पदपथ नावापुरताच. एकदा एका दुचाकीचा धक्का लागता लागता राहिला. तेव्हापासून त्यांनी गच्चीवर फेऱ्या मारण्यास आरंभ केला आणि पुढे गुडघ्यांचे निमित्त करून त्याही सोडल्या.

मिनियापोलिसच्या नैर्ऋत्येस तळ्यांची एक माळ आहे. त्यांतील ‘लेक ऑफ द आइल्स’ या तळ्याच्या काठाने आम्ही चालू लागलो. पहिल्या दिवशी दुसऱ्या बाकापर्यंत गेलो. तिसऱ्या आठवड्यात सौभाग्यवतींनी तळ्याला पूर्ण प्रदक्षिणा घातली. ती सव्वाचार किलोमीटरच्या आसपास भरते. पुढे छोट्या कालव्याच्या कडेने, पुलाखालून, शेजारच्या मोठ्या तळ्यावर जाता येते. कालव्यातून वल्ह्यांच्या होड्या जातात. पुलाखाली वल्ह्याचा आवाज घुमतो, तो ऐकण्यासाठी आम्ही रोज तेथे थांबत असू. पळणारी तरुण मंडळी, बाबागाडी ढकलणाऱ्या माता, काठी टेकीत जाणारे वृद्ध असे सर्वच त्या वाटेवर भेटतात. पायी चालणाऱ्यांची वाट वेगळी आणि सायकलींची वेगळी, सायकलींना तळ्याभोवती एकाच दिशेने जाण्याची मुभा. सर्वच रम्य होते असे मात्र नाही. बदकांची विष्ठा चुकवीत चालावे लागते आणि संध्याकाळी डास पुष्कळ!

ही शोभा निसर्गदत्त असावी अशी माझी समजूत होती, ती चुकीची ठरली. लेक ऑफ द आइल्स हा मूळचा दलदलीचा पाणथळ भाग. गाळ उपसून, त्याच गाळाने काठ भरून त्याचे आजचे रूप घडविण्यात आले. थिओडोर वर्थ हे १९०६ पासून तेथील उद्यानांचे अधीक्षक होते. त्यांच्या कारकिर्दीत हे काम तडीस गेले. जुलै १९११ मध्ये दोन तळी कालव्याने जोडली, तेव्हा शहराने मोठा उत्सव केला. त्या मोठ्या तळ्यास गुलामगिरीच्या एका कट्टर समर्थकाचे नाव होते. २०१८ मध्ये राज्य शासनाने ‘ब्डे मका स्का’ हे डकोटा आदिवासींचे मूळ नाव पुन्हा स्वीकारले. असो.

हिशेबनीस या नात्याने मला अधिक रस वाटला तो पैशाच्या व्यवस्थेत. १८८३ मध्ये तेथील मतदारांनी स्वतंत्र उद्यान मंडळास कौल दिला. नगरपरिषदेचा त्यास विरोध होता, तरीही! मंडळाचे सदस्य आजही लोकांतून निवडले जातात. काठाची काही जमीन मालकांनी दान दिली, काही विकत घेतली. उद्यानामुळे ज्यांच्या मालमत्तेचे मोल वाढणार, त्यांच्यावर खर्चाचा वाटा आकारण्याची पद्धतही होती. त्यामुळे पाण्याचा काठ कोणा एकाच्या कुंपणात गेला नाही.

आणि हे शहर हृदयरोगाच्या इतिहासातही थोर आहे. २ सप्टेंबर १९५२ रोजी तेथील विद्यापीठाच्या रुग्णालयात डॉ. जॉन लुईस यांनी शरीराचे तापमान उतरवून एका बालिकेच्या उघड्या हृदयावर शस्त्रक्रिया केली. त्या काळी हृदयाची गती राखणारे यंत्र भिंतीतील विजेवर चाले. १९५७ मध्ये शहराचा वीजपुरवठा खंडित झाला आणि त्यातील धोका उघड झाला. डॉ. लिलेहाय यांच्या सांगण्यावरून अर्ल बाकन या तंत्रज्ञाने आपल्या गॅरेजमधील कार्यशाळेत बॅटरीवर चालणारे, अंगावर बाळगता येणारे यंत्र सिद्ध केले. आज आपल्या रुग्णालयात पेसमेकर बसवून जे रुग्ण घरी जातात, त्यांचे नाते असे त्या शहराशी जुळते.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांस आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचविते. आपण प्रत्येक हृदयरुग्णास घरी सोडताना ‘रोज चालावे’ असे लिहून देतो. मी परतल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात, देयक भरण्यास आलेल्या एका रुग्णाच्या मुलाने तो कागद माझ्यासमोर ठेवला आणि विचारले, “साहेब, चाला म्हणता, पण कुठे? आमच्या चाळीपुढे तर ट्रक उभे असतात.” माझ्याकडे उत्तर नव्हते.

उत्तर नव्हते याचे एक कारण मीच होतो, हे सभागृहापुढे सांगणे मला प्राप्त आहे. इमारतीच्या मागील मोकळ्या पट्ट्यावर वाहनतळ वाढवावा, त्याच्या शुल्कातून उत्पन्न होईल, अशी टिप्पणी गतवर्षी विश्वस्त मंडळास मीच सादर केली होती. आकडे अचूक होते. त्याच पट्ट्यावर कडुनिंबाच्या सावलीत आपले रुग्ण परिचारिकेचा हात धरून पहिली पावले टाकतात, हे माझ्या कोष्टकात कोठेच नव्हते. वाहने कोठे उभी करावी हा प्रश्न खरा आहे आणि तो सुटलेला नाही. विश्वस्तांपैकी काहींचे मत आजही वाहनतळाच्या बाजूने आहे, त्यांचा मी आदर करतो.

तथापि माझी टिप्पणी मी लेखी मागे घेतली आहे. त्याऐवजी चालण्याच्या वाटेचा कच्चा आराखडा तयार करून कार्यालयाच्या फलकावर लावला आहे. वाट शेजारच्या वस्तीतील लोकांसही सकाळी खुली असावी, असे त्यात नमूद केले आहे. दोन चाकांच्या खुर्च्या समोरासमोर आल्या तरी अडू नयेत एवढी रुंदी ठेवली आहे. बाक मात्र मी कमी दाखविले होते. आराखडा घरी पाहून सौभाग्यवतींनी पेन्सिलीने आणखी तीन खुणा केल्या, त्या तशाच ठेवल्या आहेत.